खिडकीचा वाकडा गज

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. सकाळी मी डबा भरत होते आणि बाबा हॉलमधून म्हणाले, "अगं, खिडकीच्या ग्रिलचा मधला गज वाकलाय. वेल्डरला बोलावून घे." आठ-सव्वाआठची फास्ट चुकली की पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. डब्याचं झाकण लावता लावता मी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. गज सरळ होता. "सरळच आहे हो बाबा," म्हटलं आणि चपला पायात सरकवल्या.

चार दिवसांनी ते पुन्हा तेच म्हणाले. मग दाराच्या चौकटीबद्दल म्हणाले. मग एकदा जेवताना म्हणाले, समोरच्या इमारतीच्या गच्चीचा कठडा मध्येच खचल्यासारखा दिसतोय. दर वेळी मी पाहिलं, दर वेळी सगळं जागच्या जागी होतं, आणि दर वेळी मी तेवढंच सांगून कामाला लागले. गजाकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं नाही.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेनं यांत त्यांचं आयुष्य गेलं. भिंतीवरचा फोटो केसभर तिरका असला तरी घास तसाच ठेवून ते उठायचे आणि तो सरळ करून यायचे. अशा माणसाला सरळ रेघ वाकडी दिसायला लागली होती, आणि त्याच्या मुलीला ते ऐकून घ्यायला वेळ नव्हता.

दिवाळीच्या पाडव्याला मी त्यांना ओवाळत होते. निरांजन दोनदा फिरवलं असेल, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "तुझा चेहरा मध्येच पुसल्यासारखा दिसतोय गं. कपाळ दिसतं, हनुवटी दिसते. मधलं काही नाही." माझ्या हातातलं तबक हललं. दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक इवलासा भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं, सगळी बारीक नजर त्याच भागाची. वय वाढलं की काहींचा तो भाग झिजतो. बाबांच्या उजव्या डोळ्यात ही झीज हळूहळू गेली काही वर्षं सुरूच होती आणि त्यांची भिस्त डाव्या डोळ्यावर होती. त्या डाव्या डोळ्यात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, पडदा उचलला जातो, आणि म्हणून सरळ रेघा वाकड्या दिसतात. यावर डोळ्यात इंजेक्शनं देतात, पण ती लवकर सुरू व्हावी लागतात. डाव्या डोळ्यात तोवर व्रण तयार झाला होता. डॉक्टर मला काहीच बोलले नाहीत. लक्षणं कधीपासून आहेत, एवढं विचारून त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मी मनातल्या मनात आठवडे मोजले. सात भरले.

त्या सात आठवड्यांचं मी काय करू, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्यानंतरच्या वर्षात माझी नजर आणि माझी चाल दोन्ही बदलली, आणि ते कसं घडत गेलं हे लिहून ठेवावंसं वाटतं.

सुरुवात बाबांच्या शिकण्यापासून झाली. मध्यभाग गेला तरी कडेची नजर शाबूत असते. त्यामुळे ते घरात कशाला अडखळत नव्हते, जिना उतरत होते, पण समोर कोण उभं आहे ते ओळखता येत नव्हतं. दृष्टी कमी झालेल्यांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी बाबांना जे पाहायचं त्याच्या किंचित बाजूला पाहायला शिकवलं. वस्तूवर नजर रोखली की ती नाहीशी होते, आणि नजर जरा वर, उजवीकडे नेली की तीच वस्तू खालच्या कडेला धूसर का होईना, उमटते. बाबांनी महिनाभर भिंतीवरच्या घड्याळाशी हा सराव केला. तेव्हापासून माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाच्या वरून पलीकडे पाहतात. पहिल्यांदा मला फार तुटल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की ते तसे पाहतात तेव्हाच मी त्यांना सगळ्यात जास्त दिसते.

त्याच बाईंनी ताटाबद्दलही सांगितलं. ताट म्हणजे घड्याळ समजा, बारा वाजता भाजी, तीन वाजता पोळी, असं सांगून वाढा. घरी येऊन मी तसं वाढायला लागले तर बाबा म्हणाले, "आपल्या ताटाला घड्याळ कशाला हवं? डावं-उजवं तुझ्या आजीनं ठरवून ठेवलंय की." मग त्यांनी मला वाढायला शिकवलं. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं अशी डावी बाजू खाली उतरत जाते. उजवीकडे भाज्या. खाली मध्यात भात, त्यावर वरण. हे मला माहीत नव्हतं असं नाही, सणावारी करतही होते. पण रोजचं वाढणं म्हणजे जिथं रिकामं दिसेल तिथं डाव टेकवणं, असंच चाललं होतं. आता बाबांचा हात न शोधता चटणीवर जायला हवा होता. पंचेचाळिसाव्या वर्षी मी रोजचं ताट पहिल्यांदा नीट वाढलं.

त्यात एक अडचण मात्र राहिली. स्टीलचं ताट चकाकतं, आणि पांढरा भात त्यात विरून जातो. गुढीपाडव्याला सकाळी कोपिनेश्वराच्या देवळापासून निघणाऱ्या स्वागतयात्रेचे ढोल ऐकून आम्ही घरी आलो, आणि नैवेद्यासाठी आणलेल्या केळीच्या पानांतलं एक मी बाबांच्या ताटाच्या जागी ठेवलं. भाताची मूद पाडली. बाबा नेहमीसारखं जरा बाजूला पाहत होते. "थांब," ते म्हणाले. "भात दिसतोय." हिरव्यागार पानावर पांढरी मूद, तिच्यावर वरणाचा पिवळा ओघळ. ते बराच वेळ जेवायला लागलेच नाहीत. भात गार झाला. कुणी काही बोललं नाही. त्या दिवसानंतर घरात एक गडद हिरवं ताट आलं.

संध्याकाळी फिरायला जाणं डिसेंबरात सुरू झालं. आम्ही नौपाड्यात राहतो. राम मारुती रोडनं तलावपाळीला, म्हणजे मासुंद्याला जायला माझ्या चालीनं बारा मिनिटं लागतात. बाबांच्या बरोबर पंचवीस. ऑफिसातून आल्यावर ही पंचवीस मिनिटं मला सुरुवातीला डोंगराएवढी वाटायची. त्यांचा हात माझ्या कोपराला, आणि माझं मन घरातल्या कणकेत, सकाळच्या डब्यात, न पाहिलेल्या मेसेजमध्ये. तलावाच्या कठड्यापाशी आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"छान दिसतंय बाबा. दिवे लागलेत, पाणी छान दिसतंय."

"छान म्हणजे काय?"

मी गप्प. लहानपणापासून मी या तलावाच्या काठानं चालले आहे. गडकरी रंगायतन १९७८ साली उभं राहिलं, तेव्हापासून बाबा तिथे नाटकं पाहत आले. मीही आईचा हात धरून तिथे किती वेळा गेले असेन. आणि "छान"च्या पुढे मला एक शब्द सुचत नव्हता.

"दिवे किती? पाण्यात कुठपर्यंत येतात? सरळ येतात की तुटतात?" बाबा विचारत राहिले. त्यांच्या आवाजात वैताग नव्हता. कारखान्यात हाताखाली येणाऱ्या नव्या पोराला ते असंच विचारत असणार. चित्र काढायचं तर आधी माप हवं. मी कठड्याला टेकले आणि मोजले. पलीकडच्या काठावर, माझ्या नजरेच्या टप्प्यात, अकरा दिवे होते. नऊ पिवळसर, दोन पांढरे. त्यांच्या रेघा पाण्यात आमच्या दिशेनं येत होत्या, पण मध्यापर्यंत येऊन तुटत होत्या, कारण तिथून एक पायडलची होडी नुकतीच गेली होती. मी ते सगळं सांगितलं. होडी लांब गेल्यावर पाणी स्थिर झालं आणि रेघा हळूहळू जुळत आल्या, तेही सांगितलं. बाबांनी मान हलवली. "आता दिसलं," म्हणाले.

घरी जाताना माझ्या लक्षात आलं की त्या पाच-सात मिनिटांत मला कणीक आठवली नव्हती.

पुढे पुढे आमची कामं आपोआप वाटली गेली. कडेची नजर हालचाल पटकन टिपते. त्यामुळे काहीतरी हललं हे बाबांना माझ्या आधी कळायचं, आणि ते काय होतं हे मी सांगायचे. एकदा ते म्हणाले, "डावीकडून पांढरं काहीतरी गेलं." मी म्हटलं, इथे पांढरं काहीच नाही. काठावर दगडाजवळ मातकट रंगाचा वंचक पक्षी तेवढा बसला होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले, आणि तो उडाला. उडताना त्याचे पंख उघडले ते पांढरेशुभ्र. चार हात पुढे जाऊन बसला, पंख मिटले, पुन्हा मातकट. दगडाशेजारी दगड. बाबांनी जे कडेनं पाहिलं ते मी समोरून पाहत असूनही मला दिसलं नव्हतं. हा पक्षी मी आयुष्यभर "बगळ्यासारखा कुणीतरी" म्हणून सोडून देत आले होते.

जांभळी नाक्याला फुलं घ्यायला थांबलो की बाबा गजरा बांधणाऱ्या बाईंच्या हातांबद्दल विचारायचे. आधी मी "गजरा बांधतायत" एवढंच सांगायचे. नंतर उभी राहून पाहू लागले. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत दोरा ताणलेला. उजव्या हातानं चार कळ्या उचलायच्या, दोन एका बाजूला तोंड करून, दोन दुसऱ्या. देठांवरून दोरा फिरवून त्याचाच फास करायचा आणि अंगठ्यानं मागच्या कळ्यांना खेटून ओढायचा. कळ्या न बघता उचलायच्या, तरी चारच येतात. मी हे सांगत असताना बाबांची बोटं खिशाच्या कडेशी हलत होती, दोरा फिरवत होती. त्या बाईंनी ते पाहिलं. एक सुटी कळी बाबांच्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा कामाला लागल्या. घरी येईपर्यंत ती कळी उमलायला लागली होती.

तांबट पक्ष्याची गोष्ट फेब्रुवारीतली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना पिंपळ आहे. सकाळी तिथून टुक-टुक-टुक असा एकसुरी आवाज येतो, लांब कुठेतरी तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. तो आवाज माझ्या कानावर किती वर्षं पडत असेल, देव जाणे. बाबा म्हणाले, "हा कुठे बसतो ते मला पाहायचंय. म्हणजे तू पाहा." एका रविवारी आम्ही खाली उभे राहिलो. आवाज इकडून येतो म्हणावं तर तिकडून यायला लागायचा. वीस मिनिटं मान वर करून मी फांदी न् फांदी पाहिली. शेंड्याजवळच्या वाळक्या काटकीवर तो सापडला. चिमणीपेक्षा जेमतेम थोरला, अंग हिरवं, कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं, छातीवर लाल पट्टा. आवाजाची जागा का बदलत होती तेही दिसलं. तो ओरडताना डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होता. चोच मिटलेली होती. दर टुकला गळा मात्र फुगत होता. मी प्रत्येक गोष्ट सांगत गेले आणि बाबा डोळे मिटून ऐकत होते. "चोच मिटून?" त्यांनी दोनदा विचारलं. "मिटूनच," मी म्हटलं. शेजारचे लोक दूध घेऊन जाता-येता आमच्याकडे पाहत होते. मला संकोच वाटला नाही. एरवी वाटला असता.

मात्र सगळे दिवस असे गेले नाहीत. मार्चअखेर ऑफिसात वर्षाचे हिशेब बंद करायचे दिवस होते. एका संध्याकाळी मी कठड्याशी उभी राहून फोनवर उत्तरं लिहीत होते आणि बाबांनी नेहमीचं विचारलं. मान वर न करता मी म्हटलं, "कारंजं सुरू आहे. दिव्यांचे रंग बदलतायत." पुढे आणखीही काही सांगितलं, लाल, मग निळा, मग हिरवा. बाबा काही बोलले नाहीत. उत्तर पाठवून मी वर पाहिलं तर कारंजं बंद होतं. पाणी काळं आणि स्वच्छ पसरलं होतं. कारंज्याचा आवाज नव्हता, तुषार नव्हते. मी सांगायला लागले त्याच क्षणी ते बाबांना कळलं असणार.

परतीच्या वाटेवर ते शाळेच्या फीबद्दल, गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी तलावावर उभे राहिलो, त्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या कोपराला त्यांचा हात होता, पण ते एकटे उभे होते. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, परवा मी खोटं सांगितलं. मी पाहतच नव्हते." ते म्हणाले, "माहीत आहे. दमली असलीस तर दमले म्हण. आपण नुसते उभे राहू. पण मला खोटं चित्र देऊ नकोस. माझ्याकडे दुसरं नाही." त्यानंतर पुष्कळ संध्याकाळी मी "आज दमले" म्हटलं आणि आम्ही नुसते उभे राहिलो. त्या संध्याकाळीही मी फोन पर्समध्येच ठेवला.

घरातल्या वर्तमानपत्राचं मी वाचन करते, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोठ्यानं वाचताना बातमी उडवता येत नाही, एवढंच. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. बाबा तिथले जुने वाचक. आता पुस्तकं माझ्या नावावर येतात आणि रात्री वीस पानं वाचली जातात. महिन्याला एक पुस्तक होतं. पूर्वी मी आठवड्यात दोन संपवायचे आणि नंतर कुणी विचारलं तर कथा आठवायची नाही.

खरा बदल मला गाडीत जाणवला. बाबा रात्री विचारायला लागले होते, "आज काय आणलंस?" आणायचं म्हणजे दिवसभरात पाहिलेलं एक काहीतरी. रिकाम्या हातानं घरी जायला नको म्हणून मी लेडीज डब्यात पाहू लागले. जानेवारीत डब्यात मटार सोलणाऱ्या बायका असतातच. माझ्या शेजारच्या बाई शेंगेच्या टोकाला नखानं चीर देत, अंगठा आत घालून एका झटक्यात दाणे पिशवीत सोडत, साल दुसऱ्या पिशवीत. मी ते घरी सांगितलं. "एका शेंगेत दाणे किती?" बाबांचा प्रश्न ठरलेला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बाजूला बसून अर्ध्या शेंगा सोलू लागले. मुलुंड ते दादर. बहुतेकींत सात, काहींत आठ, एकीत दहा. त्या बाईंचं माहेर वसईचं, आणि गेल्या सहा वर्षांत आम्ही एकाच डब्यात, कधीकधी एकाच बाकावर बसलो होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, पाहायला आम्ही फेब्रुवारीतच गेलो होतो. त्यांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मे. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून. माझा मुलगा बरोबर होता. बोटीची वाट पाहताना त्यानं आजोबांना सांगितलं की ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, आणि २०२२ मध्ये तिचं नाव पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. बाबा म्हणाले, "आम्ही लहानपणी खाडीकडे नाक धरून बघायचो."

कांदळवनाच्या दोन्ही भिंतींमधून बोट पुढे सरकली. खाडी रुंद झाली आणि समोर चिखलाच्या पट्ट्यावर ते उभे होते. किती होते सांगता येत नाही. नाविकानं इंजिन बंद केलं. बोटीतली माणसं ओरडली, मग फोन वर झाले. बाबा नजर बाजूला धरून म्हणाले, "मला गुलाबी पट्टा दिसतोय. खाली, आडवा. खरंच दिसतोय." मी घाईनं सांगायला लागले. हजारो आहेत, इकडून तिकडे पसरलेत, काही उडतायत, पंखांखाली लाल आणि काळं आहे, पलीकडे पूल आहे. मला सगळं एकदम द्यायचं होतं. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "पट्टा मला दिसतो. तू मला एकच पक्षी सांग."

मी एक निवडला. कडेचा, जरा सुटा उभा असलेला. छोट्या रोहितांपैकी. चोच गडद, जवळजवळ काळपट लाल, आणि मध्येच खाली मोडल्यासारखी वळलेली. मान खाली घातली की डोकं उलटं होतं, चोचीची वरची बाजू चिखलाकडे. त्याच अवस्थेत तो डोकं डावी-उजवीकडे हलवत होता, आणि पाणी आत-बाहेर होत होतं, कारण तो पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो, हे मुलानं मागून सांगितलं. खाता खाता तो पाय जागच्या जागी टाकत होता, एक, दुसरा, एक, दुसरा, जणू पीठ तुडवतोय. मी म्हटलं, "बाबा, याचा गुडघा उलटा वाकतो." ड्राफ्ट्समन जागा झाला. "उलटा कसा वाकेल? नीट पाहा." मुलगा म्हणाला, "आजोबा, तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो." बाबांनी स्वतःच्या पायाकडे हात नेला, घोटा चाचपला, मग गुडघा. "म्हणजे हा बिचारा जन्मभर चवड्यांवर उभा," ते म्हणाले.

माझा पक्षी मग चार पावलं चालला. त्याच्या मागे एक करड्या रंगाचं, अजून गुलाबी न झालेलं पिल्लू होतं. तेही चार पावलं चाललं. इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा पंधरा मिनिटं झाली होती. आमच्याकडे एकही फोटो नव्हता. त्या पक्ष्याचं चालणं मी आजही पावलागणिक सांगू शकते.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच एक कागद दिला होता. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरच्या घरांची जाळी, मध्ये एक ठिपका. त्याला ॲम्स्लर ग्रिड म्हणतात. चष्मा लावून, वाचतो तेवढ्या अंतरावर धरून, एक डोळा झाकून रोज पाहायचं. रेघ वाकली, घर फुगलं, नवा डाग आला, तर लगेच यायचं. बाबांनी पहिल्याच दिवशी हातानं चाचपून घरं मोजायचा प्रयत्न केला आणि मला विचारून खात्री केली, वीस गुणिले वीस. तो कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. मी त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. रोज सकाळी डबा भरायच्या आधी बाबा उजव्या डोळ्यानं पाहतात आणि सांगतात, मी पेन्सिलीनं खूण करून तारीख घालते. मधली झिजलेली जागा कुठून कुठपर्यंत, ते आम्हाला दोघांना पाठ झालंय. यासाठी मी दहा मिनिटं आधी उठते. खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसते, कारण उभं राहून ऐकलं की ते घाईत सांगतात.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी बाबा बराच वेळ गप्प राहिले. नजर वर उजवीकडे, हातात कागद. मीही गप्प राहिले. फास्टची वेळ जवळ येत होती, माझ्या डोळ्यासमोर घड्याळ होतं.

"वरून सातवी रेघ," ते शेवटी म्हणाले. "डावीकडून मोजलं तर बारावं, तेरावं घर. रेघ तिथे उचलल्यासारखी वाटते. काल नव्हती."

मी कालचा कागद काढला. काल नव्हती. परवाही नव्हती. मी त्यांना दुसऱ्या कागदावर पुन्हा पाहायला सांगितलं. पुन्हा तीच रेघ, तीच घरं.

डबा ओट्यावर तसाच राहिला. ऑफिसात फोन केला, आणि साडेदहाला आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. तपासणी झाली, पडद्याचा स्कॅन झाला. उजव्या डोळ्यातही पाणी झिरपायला नुकती सुरुवात झाली होती. डॉक्टरांनी कागदांचा गठ्ठा चाळला, मंगळवारच्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, इंजेक्शन आजच देऊ.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून बाबांना बाहेर बाकावर बसवलं होतं. आत बोलवायला अर्धा तास होता. त्यांचा हात गार पडला होता. मी तो दोन्ही हातांत धरला. पलीकडच्या बाकावर त्यांच्या नजरेच्या कडेला काहीतरी हललं असावं.

"समोर कोण आहे गं?"

मी मान वर केली. "एक बाई आहेत बाबा. तुमच्या वयाच्या. नऊवारी नेसल्यात, काठ हिरवा, अंगावर जांभळा रंग. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी आहे. मांडीवर पिशवी. पिशवीतून कढीपत्त्याची एक डहाळी बाहेर आलीय…"

"पानं किती?"

मी मोजायला लागले.